स्टॅम्प संपलेला पासपोर्ट आणि कॅनकूनचा समुद्र

एच-वन-बीची, म्हणजे अमेरिकेत नोकरी करण्याच्या परवानगीची, मुदत शिल्लक आहे, पण पासपोर्टमधला अमेरिकेत शिरण्याचा व्हिसा केव्हाच संपलाय, अशी माणसं ह्यूस्टनला आमच्या ओळखीतच बरीच आहेत. नवा स्टॅम्प घ्यायचा तर भारतात जायला हवं, तिथल्या अमेरिकन वकिलातीची तारीख मिळायला हवी, पासपोर्ट हातात पडेपर्यंतची रजा हवी. तोवर कुणी देशाबाहेर जात नाही. मीही जात नव्हते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आई-बाबा साताऱ्याहून आले. जानेवारीच्या थंडीत दोघं घरात कोंडल्यासारखे झाले, तेव्हा बाबा म्हणाले, "एवढ्या लांब आलोय तर एखादा निळा समुद्र तरी दाखव." ह्यूस्टनजवळचं गॅल्व्हेस्टन दाखवून झालं होतं, पण तिथलं पाणी मातकट.

निळा समुद्र म्हटलं की जमैका, बहामाज, अरुबा ही नावं पुढे येतात. मला ती सगळी दारं बंद होती. अमेरिकेच्या नियमांत 'ऑटोमॅटिक व्हिसा रिव्हॅलिडेशन' नावाची एक सवलत आहे. स्टेटस वैध असेल, आय-९४ ची (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल याच्या नोंदीची) मुदत शिल्लक असेल आणि तीस दिवसांच्या आत परतणार असाल, तर व्हिसा संपलेला असूनही आत येता येतं. पण एच-वन-बीवाल्यांसाठी ही सवलत फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. कॅरिबियन बेटांना ती लागू होते ती विद्यार्थ्यांच्या एफ आणि देवाणघेवाणीवर आलेल्यांच्या जे व्हिसांवर. म्हणजे समुद्र कॅरिबियन हवा आणि देश मेक्सिको. नकाशावर अशी जागा शोधू लागलं की बोट युकातान द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर, कॅनकूनच्या आसपासच थांबतं.

आणखी दोन अटी लक्षात ठेवायच्या. त्या फेरीत मेक्सिकोतल्या अमेरिकन वकिलातीत नव्या व्हिसासाठी अर्ज केला, की ही सवलत गेली. आणि मेक्सिकोतून पुढे तिसऱ्या देशात जायचं नाही. मी कंपनीच्या वकिलांना ईमेल केला. नियमात बसतं, पण शेवटचा निर्णय विमानतळावरच्या अधिकाऱ्याचा, असं उत्तर आलं. हे वाक्य ते प्रत्येक उत्तराखाली टाकतात हे माहीत असूनही त्या रात्री झोप लागली नाही.

हे झालं परत येण्याचं. मेक्सिकोत शिरायचं कसं, हा निराळा प्रश्न, आणि लोकांची गफलत होते ती इथेच. अमेरिका परत घेणार म्हणजे मेक्सिको आत घेणारच, असं नाही. ज्यांच्या पासपोर्टमध्ये अमेरिकेचा चालू व्हिसा आहे, त्या भारतीयांकडे मेक्सिको वेगळा व्हिसा मागत नाही. कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा युरोपातल्या शेंगेन देशांचा चालू व्हिसाही चालतो. ग्रीन कार्ड असेल तरीही सूट. संपलेला व्हिसा आणि आय-७९७, म्हणजे एच-वन-बी मंजुरीचं पत्र, एवढ्यावर मात्र भागत नाही. आई-बाबांकडे दहा वर्षांचा बी-१/बी-२ हा पाहुण्यांचा व्हिसा होता, त्यांना काहीच नको. इतकी वर्षं इथे राहून कर भरणाऱ्या मला मेक्सिकोचा व्हिसा काढावा लागणार! बाबांना याची भारी गंमत वाटली. "म्हणजे आम्ही तुला घेऊन जायचं की तू आम्हाला?"

ह्यूस्टनला मेक्सिकोचा वाणिज्य दूतावास आहे. अपॉइंटमेंट त्यांच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर मिळते. तारखा एकदम खुल्या होत नाहीत, म्हणून मी रोज सकाळी चहाबरोबर ते पान उघडून बसायचे. मिळाली ती ३१ जानेवारीची. तोवर विमानाची तिकिटं काढली नव्हती, आणि कुणी काढूही नयेत. काढायचीच तर रद्द करता येणारी.

कागद असे लागले: पासपोर्ट, भरलेला अर्ज, एक फोटो, आय-७९७ आणि आय-९४ ची छापील प्रत, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप्स, बँकेची स्टेटमेंट्स, कंपनीचं पत्र. प्रत्येकाची झेरॉक्स वेगळी. फोटोकडे नीट लक्ष द्या. अमेरिकेत दुकानात काढतात तो दोन इंची चौकोनी फोटो इथे चालत नाही, त्यांना साधारण ३.९ बाय ३.१ सेंटिमीटरचा लागतो आणि चष्मा काढून. फी तेव्हा पन्नास डॉलरहून थोडी जास्त होती. मी सुटे डॉलर मोजून पाकिटात ठेवले होते, ते कामी आले.

आत गेल्यावर खिडकीपाशीच मुलाखत झाली. कशाला जाताय, कोण बरोबर आहे, नोकरी कुठे, परत कधी, एवढंच. बाई इंग्रजीत बोलत होत्या. त्यांनी माझा संपलेला अमेरिकन व्हिसा बघितला, आय-७९७ वरची तारीख पेन्सिलने अधोरेखित केली, आणि बोटांचे ठसे घेतले. नियमाप्रमाणे दहा कामकाजाचे दिवस लागू शकतात असं सांगून बाहेर बसवलं. दुपारी नाव पुकारलं तेव्हा पासपोर्टात व्हिसा चिकटवलेला होता. त्याच संध्याकाळी तिकिटं काढली: शनिवार २४ फेब्रुवारीला जायचं, शनिवार २ मार्चला परत. माणशी साधारण ३३० डॉलर. मार्चमध्ये कॉलेजच्या मुलांची स्प्रिंग ब्रेकची झुंड येते, त्याच्या आत उरकायचं होतं. शिवाय जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम, आणि उन्हाळ्यात सार्गासम नावाचं तपकिरी शेवाळ किनाऱ्यावर ढिगाने येऊन पडतं. फेब्रुवारी त्या मानाने निर्धास्त. नवऱ्याला रजा नव्हती, त्यामुळे आम्ही तिघंच.

निघण्याआधी आई-बाबांचा विमा तपासला. 'व्हिजिटर्स इन्शुरन्स' म्हणून घेतलेली आमची पॉलिसी अमेरिकेपुरतीच होती, मेक्सिकोसाठी वेगळी घ्यावी लागली. आईच्या बीपीच्या गोळ्या मूळ पाकिटातच ठेवल्या आणि चिठ्ठीची झेरॉक्स बरोबर घेतली. कॅनकून ज्यात आहे त्या किंताना रो या राज्याचा व्हिझिटॅक्स नावाचा पर्यटक-कर आहे, तोही ऑनलाइन भरला. माणशी अडीचशे-तीनशे पेसोंच्या दरम्यान येतो. त्याच नावाशी मिळतीजुळती खोटी संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट पैसे मागतात, म्हणून राज्य सरकारच्याच पानावर जा. विमानतळावर आम्हाला तो कुणी विचारला नाही, पण पावती फोनमध्ये होती.

ह्यूस्टनहून कॅनकून जेमतेम सव्वादोन तासांचं उड्डाण. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग मोठी होती. पूर्वी एफएमएम नावाचा कागद भरून अर्धा भाग जपून ठेवावा लागायचा, आता पासपोर्टवर शिक्का मारून त्यावर पेनाने दिवस लिहितात. तो आकडा तिथेच उभं राहून वाचा, तुमच्या मुक्कामापेक्षा कमी नाही ना हे बघा. आई-बाबांचं काम मिनिटभरात झालं. माझ्या पासपोर्टची पानं अधिकाऱ्याने दोनदा उलटली, मेक्सिकोचा व्हिसा दिसला, शिक्का पडला.

सामान घेऊन बाहेर पडताना एक दालन लागतं, तिथे गळ्यात ओळखपत्र घातलेली मंडळी "टॅक्सी? हॉटेल? तुमची गाडी कुठली?" करत अंगावर येतात. बहुतेकांना टाइमशेअर, म्हणजे सुट्टीच्या घरातला वाटा, विकायचा असतो. त्यांच्याकडे न बघता सरळ दाराबाहेर जायचं. आधी ठरवलेली गाडी बाहेर नावाची पाटी धरून उभी असते. आमचे ४० डॉलर झाले. स्वस्तात जायचं तर एडीओ कंपनीची बस गावात नेते.

कॅनकूनची दोन अंगं आहेत. एक सेंत्रो, म्हणजे जिथे तिथली माणसं राहतात ते गाव. दुसरं हॉटेल झोन: सात आकड्याच्या आकाराची वीसेक किलोमीटर लांब वाळूची पट्टी, एका बाजूला कॅरिबियन, दुसऱ्या बाजूला निचुप्ते नावाचं खारं सरोवर, मधून एकच रस्ता. १९७० पर्यंत इथे नारळाच्या बागेची राखण करणारी दोन-चार माणसं राहायची. मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेने परकीय चलन मिळवण्यासाठी किनारे अभ्यासले, ही जागा नक्की केली आणि शून्यातून शहर उभं केलं. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, त्यांनी लगेच हिशोब लावला, "म्हणजे आपल्या सिडकोच्याच वयाचं." सिडकोची स्थापना मार्च १९७० ची, त्यामुळे त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

कॅनकून हे नाव त्यांना माझ्याही आधी माहीत होतं, वेगळ्याच कारणाने. सप्टेंबर २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेची परिषद इथे भरली होती. शेतीची अनुदानं आणि इतर वादांवरून ती फिसकटली. पहिल्याच दिवशी, पोलिसांच्या कुंपणापाशी, एका कोरियन शेतकऱ्याने निषेध म्हणून स्वतःला भोसकून घेतलं आणि तो गेला. बाबांना ती बातमी पक्की आठवत होती. आम्ही पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी बसमधून जाताना ते खिडकीतून हॉटेलांच्या भिंती बघत होते आणि म्हणाले, "इतक्या महागड्या ठिकाणी बसून शेतीवर बोलत होते होय." पुढे बराच वेळ गप्प बसले.

ऑल-इन्क्लुझिव्ह, म्हणजे जेवणखाण धरून पैसे घेणारी, हॉटेलं तीनशे डॉलरच्या पुढे होती, आणि आईच्या शाकाहाराला त्यांचा उपयोग काय? आम्ही छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घेतली, रात्रीचे दीडशे डॉलर. फिरायला आर-१ आणि आर-२ या बसा. दिवसभर, रात्री उशिरापर्यंत एकामागून एक येतात, तिकीट २०२४ मध्ये बारा-पंधरा पेसो होतं, सुटे द्यायचे. तेव्हा डॉलरला सतरा पेसो मिळत होते, म्हणजे एक पेसो साधारण पाच रुपयांना. दुकानदार डॉलर घेतात, पण पंधराच्या भावाने. एटीएम बँकेचं वापरा, आणि 'आम्ही चलनाचं रूपांतर करून देऊ का' असं मशीनने विचारलं की नाही म्हणा, नाहीतर तिथे चांगलेच पैसे कापतात. टॅक्सीला मीटर नाही, आधी भाव ठरवूनच बसायचं.

समुद्राबद्दल काय लिहू? रंग फोटोतल्यासारखाच आहे, खोटा नाही. वाळू पांढरी, आणि भर दुपारीही तिच्यावर अनवाणी चालता येतं. मेक्सिकोत समुद्रकिनारे सरकारी मालकीचे, हॉटेलला अडवता येत नाही. फक्त रस्त्यावरून किनाऱ्यापर्यंत जायच्या वाटा शोधाव्या लागतात. प्लाया देल्फिनेस हा सार्वजनिक किनारा आम्हाला सर्वांत आवडला. उंचावर गाडीतळ, खाली मोकळा समुद्र, पैसे नाहीत. पण लाटांना ओढ आहे. लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नका. आई-बाबांसारख्यांना उथळ, शांत पाणी हवं असेल तर फेरीबोटीने इस्ला मुहेरेसला जा. पुएर्तो हुआरेसहून वीसेक मिनिटं लागतात, आणि तिथल्या उत्तर किनाऱ्यावर लांबपर्यंत कमरेएवढंच पाणी. आई साडी वर खोचून तासभर त्यात उभी होती.

खाण्याचं सांगते, कारण मला आधी सर्वांत जास्त प्रश्न याचेच पडले होते. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" हे पाठ करून ठेवा, मांस-कोंबडी-मासे काही नको. तेवढ्याने भागत नाही. घेवड्याची उसळ कधी कधी डुकराच्या चरबीत करतात, म्हणून "सिन मांतेका" म्हणायचं. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, तेव्हा "काल्दो दे पोयो?" हेही विचारायचं. सेंत्रोत तोर्तियेरिया असते, तिथे मक्याच्या गरम तोर्तिया (पातळ भाकऱ्या) किलोवर मिळतात. आईने त्या खोलीवर आणून टोमॅटोच्या चटणीबरोबर वाढल्या. चाया नावाची तिथली पालेभाजी अननसाबरोबर वाटून सरबत करतात, ते बाबांनी रोज घेतलं. संध्याकाळी पार्के दे लास पालापासमध्ये मार्केसिता खा, कुरकुरीत गुंडाळीत किसलेलं चीज घालून देतात.

आणि मंगळवारी, २७ फेब्रुवारीला, आईचा उपवास आला. भारतात त्या महिन्याची संकष्टी बुधवारी होती, पण चतुर्थी चंद्रोदयाला असावी लागते, आणि कॅनकूनच्या चंद्रोदयाला ती मंगळवारीच होती. म्हणजे इथे चक्क अंगारकी! साताऱ्याच्या मावशीला फोन करून आईने हे दोनदा ऐकवलं. उपवासाचं सामान शोधायला सुपरमार्केटात गेलो तर आई हरखूनच गेली. बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची, ज्यापासून साबुदाणा होतो तो कसावा, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं, ते समोर रचून ठेवलेलं. काउंटरजवळ एका बरणीत राजगिऱ्याची वडी! अलेग्रिया म्हणतात तिला. मेक्सिकोत राजगिरा हजारो वर्षांपासून खातात. आईने वडी मोडून वास घेतला आणि चार पाकिटं टोपलीत टाकली. हॉटेल झोनची लांब बाजू पूर्वेला तोंड करून आहे, त्यामुळे रात्री साडेनऊच्या सुमारास चंद्र थेट समुद्रातून वर आला. किनाऱ्यावर मोठ्या आवाजात गाणी चालू होती, त्यातच आईने अर्घ्य दिलं.

चिचेन इत्सा या माया लोकांच्या प्राचीन शहराला एक दिवस ठेवा. सुमारे दोनशे किलोमीटर. छोट्या व्हॅनची सहल माणशी ७५ डॉलरला मिळाली, प्रवेशशुल्क वेगळं: परदेशी माणसाला सहाशेच्या वर पेसो, आणि तेही राज्याच्या आणि केंद्राच्या अशा दोन निरनिराळ्या खिडक्यांवर. चिचेन इत्सा शेजारच्या युकातान राज्यात आहे आणि तिथलं घड्याळ कॅनकूनच्या एक तास मागे चालतं. फोन आपोआप वेळ बदलतो, चालक मात्र कोणत्या वेळेने बोलतोय ते विचारून घ्या. शक्य तितकं लवकर पोहोचा, अकरानंतर उन्हात आणि गर्दीत काही सुचत नाही. कुकुल्कान या माया देवाच्या पिरॅमिडला चारी बाजूंना ९१ पायऱ्या, वरची एक धरून ३६५. वर चढू देत नाहीत. खाली उभं राहून टाळी वाजवली की पायऱ्यांवरून पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा प्रतिध्वनी येतो. बाबा बराच वेळ वेगवेगळ्या अंतरावरून टाळ्या वाजवत राहिले. आत विक्रेत्यांची रांगच रांग, जॅग्वारची, म्हणजे तिथल्या वाघाची, डरकाळी काढणाऱ्या शिट्ट्या विकतात. कंटाळा येतो, पण हसून नाही म्हटलं की पुरतं.

परतीच्या वाटेवर सेनोते. युकातानात जमिनीवर नद्या जवळजवळ नाहीत. सगळा चुनखडक, पाणी झिरपून खालून वाहतं, आणि जिथे छत कोसळलं तिथे असा डोह उघडा पडतो. बाबा पायऱ्या उतरतानाच म्हणाले, "अरे, ही तर आपली विहीर!" लहानपणी ते गावच्या विहिरीत काठावरून उड्या मारायचे. इथे लाइफ जॅकेट सक्तीचं, आधी शॉवर घ्यायचा, अंगाला सनस्क्रीन लावलेलं चालत नाही. जॅकेटवरून ते कुरकुरले, मग उतरले, आणि वेळ संपल्याची शिट्टी वाजेपर्यंत बाहेर आले नाहीत. पाणी गार आहे, दमा असेल तर विचार करा.

या सगळ्यात माझ्या डोक्यात २ मार्च होताच. कॅनकूनला अमेरिकेचं इमिग्रेशन होत नाही, ते ह्यूस्टनला उतरल्यावर. पण त्याआधी विमान कंपनीचा काउंटर. आम्ही साडेतीन तास आधी पोहोचलो. काउंटरवरच्या मुलाने माझा व्हिसा बघितला आणि मान हलवली, "संपलाय." मी फोल्डर पुढे केला: आय-७९७, आय-९४, मेक्सिकोचा शिक्का, परतीचं तिकीट, आणि अमेरिकेच्या सरकारी संकेतस्थळावरचं या सवलतीचं पान छापून, लागू होणारा परिच्छेद पिवळ्या रंगाने रंगवून. त्याने वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी कुठेतरी फोन लावला. पाऊण तास गेला. आई मनातल्या मनात अथर्वशीर्ष म्हणत होती हे तिच्या ओठांवरून कळत होतं. शेवटी बोर्डिंग पास मिळाला. ते छापील पान नसतं तर आणखी किती वेळ गेला असता कोण जाणे.

ह्यूस्टनला अधिकाऱ्याने विचारलं, "मेक्सिकोत किती दिवस? तिथे व्हिसासाठी अर्ज केलात का?" नाही म्हटलं. आय-७९७ बघितला, ठसे, फोटो, "वेलकम बॅक." तीन मिनिटंही लागली नसतील. आई-बाबांना वेगळे प्रश्न: किती काळ राहणार, परतीचं तिकीट कधीचं. त्यांचं एप्रिलचं तिकीट मी आधीच छापून बाबांच्या खिशात ठेवलं होतं, ते त्यांनी स्वतःच काढून दाखवलं.

तिघांचा मिळून सगळा खर्च २,९०० डॉलरच्या आसपास झाला, माझा व्हिसा आणि विमा धरून. आणि एक काम घरी आल्यावर लगेच करा: आय-९४ च्या संकेतस्थळावर सर्वांच्या तारखा तपासा. माझी आय-७९७ शी जुळत होती. आई-बाबांची नोव्हेंबरात मिळालेली मे महिन्याचीच तारीख कायम होती, नवे सहा महिने मिळाले नव्हते. मेक्सिकोला जाऊन आलं की पालकांचा मुक्काम वाढतो असं कुणी सांगितलं तर त्यावर तिकिटं पुढे ढकलू नका. तारीख चुकीची दिसली, तर विमानतळाजवळच्या 'डिफर्ड इन्स्पेक्शन' कार्यालयात कागद घेऊन जायचं, ती दुरुस्ती ते करून देतात.